वाचकांचे प्रश्न: रात्री उशिरा चांगले रामेन कुठे खावे?

गेल्या अंकात आम्ही रात्रीच्या खाण्यापिण्याविषयी प्रश्न मागवले होते. सराफ्याविषयी, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराविषयी पत्रे येणार हे ठाऊकच होते, पण त्यांच्या जोडीने रामेन या जपानी पदार्थाविषयीही इतकी पत्रे आली, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला देणे योग्य वाटले. घरातली मुले पुण्याला, बंगळूरुला किंवा थेट परदेशात राहून येतात आणि सुटीत घरी आली, की रात्री बारा वाजता गरम सूपमधल्या नूडल्सची आठवण काढतात. ज्येष्ठांनी ही हौस किरकोळ समजू नये. या पदार्थामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि एका वाडग्यामागे दिवसभराची मेहनत आहे.

प्रश्न: माझा भाचा ओसाका येथे नोकरी करतो. दिवाळीत तो आपल्या दोन जपानी सहकाऱ्यांना घेऊन इंदूरला येणार आहे. रात्री उशिरा बाहेर पडून रामेन खाण्याची त्यांना सवय आहे, असे त्याने कळवले आहे. त्यांची गैरसोय होऊ नये अशी इच्छा आहे. इंदूरमध्ये रात्री अकरानंतर चांगले रामेन कुठे मिळेल? (एक वाचक, रामबाग)

उत्तर: आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की रात्री अकरानंतर रामेनच्या शोधात इंदूरमध्ये फिरू नये. रामेन संध्याकाळी खावे आणि रात्र सराफ्यासाठी राखून ठेवावी. असे का, हे समजण्यासाठी रामेन कसे तयार होते ते थोडे पाहावे लागेल.

रामेनच्या वाडग्यात पाच गोष्टी एकत्र येतात. हाडे, सुकवलेले मासे, समुद्री शेवाळ किंवा भाज्या यांपासून काढलेले सूप ही पहिली. वाडग्याच्या तळाशी सर्वांत आधी ओतला जाणारा ‘तारे’ नावाचा खारट अर्क ही दुसरी; तो मीठ, सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) यांपैकी एकाच्या आधारावर केलेला असतो आणि वाडग्याची मूळ चव तोच ठरवतो. त्यानंतर सुवासिक तेल, क्षार घालून मळलेल्या गव्हाच्या पिठाच्या नूडल्स आणि शेवटी वर मांडायचे पदार्थ. ग्राहकाच्या डोळ्यांदेखत होणारे काम दोन-चार मिनिटांचे असते, पण त्याआधी सूप कित्येक तास शिजलेले असते. डुकराच्या हाडांचे पांढरे, दाट ‘तोन्कोत्सु’ सूप तर दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ खळखळत ठेवावे लागते. त्यामुळे रात्री एक वाजता चांगले रामेन हवे असेल, तर सकाळी भांडे चुलीवर चढलेले असावे लागते आणि ते भांडे रात्रभर रिते होत राहील इतके गिऱ्हाईकही यावे लागते. जपानमधील रामेनचे दुकान बहुधा दोन-तीन प्रकारचेच वाडगे विकते आणि दिवसभर तेच करते, म्हणून त्याला हे साधते. आपल्याकडे रामेन हे पिझ्झा, थाय करी आणि पनीर टिक्का यांच्यासोबत एका लांबलचक यादीत असते. दिवसाकाठी दोन-चार वाडगे खपणार असतील, तर कोणताही शहाणा आचारी त्यासाठी मोठे भांडे चढवणार नाही. तो तयार पावडरीत गरम पाणी घालील, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. २०२२ मध्ये बीआरटीएस या बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गालगतची दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली होती. ती २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. छप्पन दुकान हा दुसरा खाऊबाजारही सराफ्यासारखा मध्यरात्रीपर्यंत जागत नाही. दार अकरापर्यंत उघडे दिसले तरी स्वयंपाकघरातील आच त्याआधीच मंदावलेली असते आणि शेवटच्या अर्ध्या तासात मागवलेला पदार्थ उरकण्याच्या घाईत तयार होतो. मोठ्या हॉटेलांतील रात्रभर चालणारे कॉफी शॉप हा एक मार्ग उरतो. परंतु तिथेही रात्रपाळीचा आचारी आणि दिवसाचा आचारी वेगळे असतात, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून पाहुण्यांना संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास न्यावे. विजयनगर आणि पलासिया या भागांत पूर्व आशियाई पदार्थ देणारी उपाहारगृहे आहेत. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून सूप कशाचे आहे आणि ते तिथेच केले जाते का, हे विचारावे. जिथे सूपाविषयी मनापासून, तपशिलात उत्तर मिळते तिथे जावे. “व्हेज की नॉनव्हेज, दोन्ही मिळेल” एवढेच उत्तर आले, तर दुसरीकडे चौकशी करावी. सूप त्यांचे स्वतःचे असेल, तर नूडल्स बाहेरून आणलेल्या असल्या तरी फारसे बिघडत नाही. जपानमधील अनेक नामवंत दुकानेही आपल्या पसंतीप्रमाणे नूडल्स कारखान्यातून करवून घेतात. वाडगा समोर आल्यावर त्यातून वाफ येत असावी, वर तेलाचे बारीक थेंब तरंगत असावेत, नूडल्स चावताना किंचित प्रतिकार करणाऱ्या असाव्यात आणि सूप कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले नसावे. घरपोच मागवायचे असेल, तर सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत देण्याची विनंती अवश्य करावी, कारण सूपमध्ये वीस मिनिटे बसलेल्या नूडल्स फुगतात आणि मग तो वाडगा कुणीही वाचवू शकत नाही.

आता रात्रीविषयी. ओसाकात राहणाऱ्या माणसाला रामेन रोज मिळते. सराफा मिळत नाही. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे पडल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर चुली पेटतात आणि रात्री दोनच्या सुमारापर्यंत गर्दी हटत नाही, ही व्यवस्था पाहून जपानी पाहुण्यांना परके वाटणार नाही. त्यांच्याकडे क्युशू बेटावरील फुकुओका शहरात संध्याकाळी सहाच्या सुमारास चाकांच्या गाड्या फुटपाथवर आणून उभ्या करतात, त्यांना ‘याताई’ म्हणतात. आठ-दहा माणसे दाटीवाटीने बसतील एवढीच जागा असते, रामेन हा तिथला मुख्य पदार्थ असतो आणि मध्यरात्रीनंतर सारे आवरून रस्ता मोकळा केला जातो. अशा सुमारे शंभर गाड्या तिथे आहेत आणि त्या टिकाव्यात, शिस्तीत चालाव्यात यासाठी फुकुओका नगरपालिकेने २०१३ मध्ये स्वतंत्र नियमावली केली. सराफ्यात परंपरागत पदार्थांनाच जागा असावी, मोमो आणि नूडल्स नकोत, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. माझे मत त्या मागणीच्या बाजूचे आहे, आणि रामेनवर प्रेम असूनही ते तसे आहे. जिथे दूध-तूप घालून शिजवलेला भुट्ट्याचा कीस ताजा मिळतो, तिथे घाईने परतलेल्या नूडल्सनी जागा अडवू नये.

दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागलेली असेल, तर गराडू हा कंदही सराफ्यात मिळू लागलेला असतो. तळलेल्या गराडूवर मसाला आणि लिंबू पडताच तो पाहुण्यांच्या हाती द्यावा, त्यानंतर दहीवडा, आणि शेवटी जलेबा. तिखटाविषयी त्यांना आधी कल्पना द्यावी. त्यांचा मुक्काम मोठा असेल आणि रामेनची फारच ओढ लागली, तर या स्तंभातील शेवटचे उत्तर पाहावे.

प्रश्न: मुले रात्री अभ्यास करताना कोरियन किंवा जपानी इन्स्टंट नूडल्सचे पाकीट उकळून खातात आणि त्यालाच रामेन म्हणतात. हेच खरे रामेन का? (एक आई, स्नेहलतागंज)

उत्तर: रामेनच्या घराण्यातीलच तो पदार्थ आहे, पण त्याची रीत वेगळी. मोमोफुकु आंदो यांनी २५ ऑगस्ट १९५८ रोजी जपानमध्ये पहिले इन्स्टंट रामेन विक्रीस आणले. नूडल्स शिजवून, तेलात तळून त्यांतील पाणी काढून टाकायचे, म्हणजे त्या टिकतात आणि गरम पाण्यात पुन्हा मऊ होतात, ही त्यांची युक्ती होती. पेल्यातील प्रकार १९७१ मध्ये आला. कोरियात अशी पाकिटे १९६३ पासून तयार होऊ लागली आणि तिथे तिखट चवीची स्वतंत्र परंपरा उभी राहिली. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या रात्री मुलांनी ते खाल्ले तर काही बिघडत नाही. त्यात कोबी, मटार, कांद्याची पात आणि हवे असल्यास अंडे घालावे, मसाल्याची पुडी अर्धीच वापरावी. पाकिटावरील शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण मात्र पाहायला विसरू नये. वरून भाज्यांचे चित्र असले तरी आत कोंबडीचा किंवा माशाचा अर्क असू शकतो.

प्रश्न: कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी मला काही आठवडे टोकियोला जायचे आहे. काम रात्री नऊ-दहापर्यंत चालेल असे सांगितले आहे. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. माझा सहकारी मात्र सर्व काही खातो. तिथे रात्री उशिरा रामेन खाण्यासाठी आम्ही कुठे जावे आणि मी काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर: आपल्या सहकाऱ्याचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. टोकियोत रात्रीचे रामेन ही शोधून काढायची गोष्ट नाही. ज्या स्थानकाजवळ आपण उतराल तिथल्या गल्लीत ते असतेच. मद्यपानानंतर घरी जाण्यापूर्वी शेवटचा एक खारट, गरम वाडगा घेण्याची तिथे जुनी रीत आहे आणि कार्यालयातून उशिरा सुटणारे, रात्रपाळीचे कामगार, टॅक्सीचालक यांच्यावरही ही दुकाने चालतात. ही परंपरा दुकानांच्याही आधीपासूनची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रात्री गाडी ओढत, ‘चारुमेरा’ नावाची सनई वाजवत नूडल्स विकणारे फेरीवाले गल्लीबोळांतून फिरत असत. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे दुकान निघाले, तिथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी होते, आणि सामान्य माणसाला परवडणारा हा पदार्थ तिथून शहरभर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाचा तुटवडा होता, अमेरिकेतून गहू येत होता, आणि हातगाडी लावून नूडल्स विकणे हे बेकारांना पोट भरण्याचे साधन झाले. आज जे रामेन जपानचे म्हणून जगभर ओळखले जाते, त्याचा विस्तार त्या उपासमारीच्या वर्षांत झालेला आहे.

शिंजुकूमधील गोल्डन गाई या चिंचोळ्या गल्ल्यांच्या वस्तीत ‘नागी’चे दुकान चोवीस तास चालते. अरुंद, उभ्या जिन्याने वर जावे लागते आणि बसायला मोजक्याच जागा आहेत. सुकवलेल्या लहान माशांचे, किंचित कडवट आणि अतिशय गडद सूप ही त्याची ओळख. मासळीचा वास आवडत नसेल, तर सहकाऱ्याने तिथे जाऊ नये. आवडत असेल, तर रात्री एक वाजता त्याच्या तोडीचे फार थोडे मिळेल. ‘इचिरान’ या मूळच्या फुकुओकातील साखळीच्या अनेक शाखाही चोवीस तास उघड्या असतात. तिथे प्रत्येक ग्राहकाला लाकडी आडोशांमधील स्वतंत्र जागा मिळते आणि नूडल्स किती कडक, सूप किती दाट, लसूण किती, हे कागदावर खुणा करून सांगायचे असते. भाषा येत नसलेल्या एकट्या माणसाला ही सोय फार धीर देणारी आहे. सूप डुकराच्या हाडांचे असते, हे सांगायला हवेच.

आता आपला प्रश्न, आणि तो कठीण आहे. रामेनच्या दुकानात “मांस नको” असे सांगितले, तर वरचे मांसाचे तुकडे काढून वाडगा दिला जातो, पण सूप हाडांचेच राहते. मिसो रामेन, मीठ रामेन ही नावे ‘तारे’ या खारट अर्कावरून पडलेली आहेत. त्यांच्या सूपमध्ये कोंबडी, डुक्कर किंवा मासे बहुधा असतातच. जपानी स्वयंपाकात माशाचा अर्क इतक्या ठिकाणी वापरला जातो, की तो वेगळा सांगावा असे तिथल्या आचाऱ्याला वाटतही नाही. यात त्याची लबाडी नसते. शिवाय पुष्कळ दुकानांत दाराशीच असलेल्या यंत्रात पैसे टाकून तिकीट घ्यावे लागते, तेव्हा काही सांगण्याची संधी पैसे भरल्यानंतरच येते. म्हणून आपण एक छोटा कागद जपानी सहकाऱ्याकडून लिहून घ्यावा. मी मांस, मासे आणि अंडी खात नाही, त्यांचे सूप व अर्कही चालत नाहीत, अशी स्पष्ट नोंद त्यावर असावी, आणि तिकीट काढण्यापूर्वी तो दाखवावा. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये. तो प्रामाणिकपणा असतो.

आपल्यासाठी सर्वांत खात्रीची जागा टोकियो स्थानकाच्या आत आहे. ‘टीज तानतान’ हे दुकान जेआर (जपान रेल्वे) स्थानकाच्या तिकीट फाटकाच्या आतील बाजूस, केइयो मार्गिकेकडे जाणाऱ्या भागात आहे आणि तिथे दूध, अंडी, मांस, मासे यांपैकी काहीच वापरले जात नाही. तीळ आणि मिरची यांचे दाट सूप आपल्या जिभेला लगेच आवडेल. ते रात्रभर चालत नाही, तेव्हा नऊपर्यंत पोहोचता येईल अशा दिवशीच तिथे जावे; फाटकाच्या आत असल्याने गाडी बदलताना उतरणे सर्वांत सोयीचे. ‘आफुरी’ या साखळीतही पूर्ण वनस्पतिजन्य असा एक वाडगा असतो. तिथल्या युझू या लिंबूवर्गीय फळाच्या सुवासाचे रामेन प्रसिद्ध आहे, परंतु ते कोंबडीच्या सूपवर केलेले असते. मागवताना दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. दोघांना एकत्र जेवायचे असेल, तर आफुरीच योग्य, कारण तिथे सहकाऱ्यालाही मनासारखे मिळेल.

लोकलच्या वेळेकडे लक्ष असू द्यावे. टोकियोत शेवटच्या गाड्या मध्यरात्री बारा ते एकच्या दरम्यान सुटतात आणि नंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत काहीच नसते. टॅक्सी महाग पडते. म्हणून रात्री उशिराचे रामेन हे मुक्कामाच्या ठिकाणाजवळचेच असावे, कितीही नावाजलेले दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी. एका वाडग्याला साधारण हजार येनच्या आसपास खर्च येतो, टीप देण्याची पद्धत नाही, आणि काही जुन्या दुकानांत रोख रक्कमच चालते. दाराबाहेर रांग असेल, तर खाऊन लगेच उठावे. सूप भुरकताना आवाज झाला तरी कुणाला वावगे वाटत नाही.

ज्या रात्री काहीच जमणार नाही, त्या रात्रीसाठी खोलीवर थोडी सोय असू द्यावी. चोवीस तास चालणाऱ्या दुकानांत फळे, टोफू, मिठात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा मिळतात. इथून नूडल्सची पाकिटे नेणार असाल, तर ती शाकाहारी आहेत याची खात्री करावी. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेण्यास मनाई आहे.

सुटीच्या दिवशी टोकियोबाहेर जाणे झाले, तर सहकाऱ्याने फुकुओका आणि सापोरो यांपैकी एक शहर निवडावे. फुकुओकाच्या नागाहामा भागात मासळी बाजारातील लोकांसाठी चटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स वापरल्या जाऊ लागल्या आणि त्या सूपमध्ये लवकर मऊ पडतात म्हणून आधी थोड्याच घेऊन, संपल्यावर उरलेल्या सूपमध्ये पुन्हा नूडल्स मागवण्याची ‘काएदामा’ ही पद्धत तिथून रूढ झाली. उत्तरेकडील सापोरोत मिसो रामेनचा उगम १९५०च्या दशकात झाला. तिथल्या सुसुकिनो या रात्री जागणाऱ्या भागात रामेनच्या दुकानांनी भरलेली एक अख्खी अरुंद गल्ली आहे, तिथे मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. बर्फाळ रात्री त्या वाडग्यावर मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा घालून देतात. माळव्यातील माणसाला मका पाहून बरे वाटेल.

प्रश्न: रात्री रामेन खाल्ल्यावर फार तहान लागते आणि सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो. मला रक्तदाबाचा त्रास आहे. (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर: कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे आणि सूपसह संपवलेला रामेनचा एक वाडगा ती मर्यादा एकट्याने गाठू शकतो. त्यातले बरेचसे मीठ सूपमध्ये असते, म्हणून नूडल्स व भाज्या खाऊन सूप बाजूला ठेवावे. जपानमध्येही अनेक जण असेच करतात आणि त्यात आचाऱ्याचा अपमान नाही. रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर रात्री उशिराचे रामेन टाळावे आणि कितपत चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न: आमच्या घरी रात्री पाहुणे गाडीने येणार आहेत, ते पोहोचायला साडेअकरा होतील. मुलीचा आग्रह आहे की घरीच शाकाहारी रामेन करावे. इंदूरमध्ये मिळणाऱ्या साहित्यात ते जमेल का? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर: नक्की जमेल. इतकेच नव्हे, तर रात्री उशिरा इंदूरमध्ये चांगले शाकाहारी रामेन खाण्याची हीच सर्वांत खात्रीची जागा आहे. सारे कष्ट आधी करून ठेवता येतात आणि पाहुणे आल्यावर फक्त नूडल्स उकळायच्या राहतात.

चार जणांसाठी आदल्या रात्री दीड लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम कोम्बु, म्हणजे सुकवलेले जाड समुद्री शेवाळ, आणि पंचवीस ग्रॅम सुकवलेले शिताके मशरूम भिजत घालून भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. ही दोन्ही सामग्री मोठ्या किराणा दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. या दोहोंची जोडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जुळलेली आहे: कोम्बुतील ग्लुटामेट हेच त्याच्या चवीचे मूळ आहे, हे किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये दाखवले, आणि सुकवलेल्या शिताकेतील ग्वानिलेटची साथ मिळाली की ती चव कितीतरी पटींनी वाढते. दुसऱ्या दिवशी भांडे मंद आचेवर ठेवावे आणि पाणी उकळण्याआधीच कोम्बु काढून घ्यावे; उकळल्यास सूप चिकट आणि कडसर होते. मग त्यात कोबीचे दांडे, गाजर, आल्याचा तुकडा आणि भाजलेला टोमॅटो घालून पाऊण तास शिजवून गाळावे. दाटपणा हवा असेल, तर पांढरे तीळ भाजून अगदी गुळगुळीत वाटावेत आणि ते वाटण व साखर नसलेले सोयाबीनचे दूध शेवटी मिसळावे. त्यानंतर मात्र सूप उकळू देऊ नये, फाटते.

‘तारे’साठी सोया सॉस, भिजवलेल्या शिताकेचे तुकडे, थोडा गूळ आणि आले एकत्र करून पाच-सात मिनिटे मंद आचेवर ठेवावे व गाळावे. तेलासाठी कांद्याची पात आणि लसूण तेलात सावकाश, तपकिरी होईपर्यंत परतावे. ही दोन्ही कामे दोन दिवस आधी केली तरी चालतात.

नूडल्सचा पिवळसर रंग आणि लवचीकपणा क्षारामुळे येतो, अंड्यामुळे नव्हे. पापडखाराने पापडाच्या पिठाला जे येते त्याच जातीचा हा गुण आहे. घरी मळायच्या असतील, तर खाण्याचा सोडा ताटात पसरून एकशेवीस अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये तासभर भाजावा. त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून तो अधिक तीव्र क्षार बनतो, म्हणून त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. चारशे ग्रॅम मैद्याला हा भाजलेला सोडा चार ग्रॅम, मीठ चार ग्रॅम आणि पाणी एकशेसाठ मिलिलिटर पुरते. सोडा आणि मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवावे. पीठ अतिशय घट्ट आणि चुरचुरीत होईल, घाबरून पाणी वाढवू नये; ते झाकून तासभर ठेवावे, मग शेवया काढण्याच्या यंत्राने लाटून कापावे. इतका वेळ नसेल, तर बाजारातील बारीक स्पॅगेटी लिटरभर पाण्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून उकळावी. ती हुबेहूब रामेनसारखी होत नाही, पण पोत बराच जवळ येतो. पाणी उतू जाते, तेव्हा भांडे मोठे घ्यावे.

वरच्या पदार्थांत तव्यावर परतलेला टोफू, मोड आलेले मूग, सूपातून काढलेल्या शिताकेच्या चकत्या, कांद्याची पात, आणि भुट्ट्याचा हंगाम असेल तर भाजून सोललेले दाणे व लोणी. पनीर घालू नये. सूपमध्ये ते रबरासारखे होते आणि त्याचा दुधाळ गोडवा सोया सॉसशी जुळत नाही.

पाहुण्यांची गाडी बायपासला लागल्याचा फोन आला की सूप गरम करायला ठेवावे आणि मोठ्या भांड्यात नूडल्सचे पाणी चढवावे. वाडगे उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घ्यावेत. प्रत्येकात दोन मोठे चमचे तारे आणि एक चमचा तेल आधी घालावे, मग पाहुण्यांना हातपाय धुऊन पानावर बसू द्यावे आणि त्यानंतरच नूडल्स पाण्यात सोडाव्यात. घरच्या ताज्या नूडल्सना दीड ते दोन मिनिटे पुरतात. वाडग्यात तीनशे मिलिलिटर सूप ओतावे, निथळलेल्या नूडल्स त्यात सोडाव्यात, वर भाज्या मांडाव्यात आणि दोन-दोन वाडगेच एका वेळी करावेत. चारही एकदम करायला गेल्यास पहिला वाडगा टेबलावर पोहोचेपर्यंत फुगलेला असतो.